वाढविलेले बळ आणि उतरलेले मोल

पनवेल शहराला लागून, नव्या विमानतळाच्या पाठीशी सिडकोने वसविलेल्या करंजाडे वसाहतीत, जिथे विमानतळासाठी उठलेल्या गावांतील कित्येक कुटुंबांना भूखंड मिळाले आणि त्या भूखंडांवर पाहता पाहता उंच इमारती उभ्या राहिल्या, तिथे एखाद्या रविवारी सकाळी कोणत्याही इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळात डोकावले, तर स्कूटरी आणि घरगुती मोटारी यांच्या दाटीत अधूनमधून एखादी अशी गाडी दृष्टीस पडते, की जिची चाके मूळच्यापेक्षा रुंद, जिची बैठक जमिनीकडे दोन बोटे झुकलेली आणि जिच्या सायलेन्सरचा आवाज साऱ्या मजल्यांच्या ओळखीचा झालेला असतो. गाडी बहुधा दहा-बारा वर्षांची असते, क्वचित वीस वर्षांचीही. कळंबोलीहून सुरू होणारा द्रुतगती मार्ग हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तिचा मालक पहाटे घाट चढून येण्यात धन्यता मानतो. आणि तिच्यावर वेळोवेळी ओतलेला पैसा विक्रीच्या दिवशी आपल्या पदरात परत पडेल, अशी त्याची मनापासूनची समजूत असते. ही समजूत बहुतेक वेळा खोटी का ठरते, आणि ज्या थोड्या प्रसंगी ती खरी ठरते त्या प्रसंगांत वेगळे काय असते, हे यंत्रशास्त्र, बाजार आणि कायदा या तिन्ही अंगांनी पाहण्यासारखे आहे.

विषय महाराष्ट्राला परका नाही. मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या आसपास आलेल्या ज्या मोजक्या चपळ मोटारी भारतात निपजल्या, त्यांपैकी तीन तरी इथल्याच कारखान्यांतून बाहेर पडल्या. २००४ साली स्कोडा कंपनीने औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे जुळविलेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस बाजारात आणली, तिच्या १.८ लिटरच्या, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व्ह असलेल्या टर्बो इंजिनाचे बळ १५० अश्वशक्ती होते, आणि युरोपात याच नावाची गाडी १८० अश्वशक्तीने धावत होती, ही गोष्ट इथल्या शौकिनांच्या नजरेतून सुटली नाही. २०१३ साली चाकणहून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, जिचे इंजिन अवघे ११९७ घन सेंटिमीटरचे, पण टर्बोच्या साहाय्याने १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देणारे, आणि जिचे सात गिअर दुहेरी क्लचच्या डीएसजी यंत्रणेकडून आपोआप बदलले जाणारे होते. २०१५ च्या अखेरीस रांजणगावहून फियाटने अबार्थ पुंटो काढली: १३६८ घन सेंटिमीटर, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दिल्लीच्या शोरूमच्या हिशेबाने ९ लाख ९५ हजार. या तिन्ही गाड्यांचे उत्पादन आता थांबले आहे. नवी घेता येत नाही म्हणून जुनीचा शोध घ्यावा लागतो, आणि जुनी म्हटली की ती कोणीतरी हाताळलेली, बहुधा फेरफार केलेली, अशीच पुढे येते.

यांपैकी अबार्थ पुंटोचा वृत्तान्त मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. अबार्थ हे नाव मुळात मोटारी बनविणाऱ्याचे नव्हे, मोटारींत फेरफार करणाऱ्याचे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे इटलीत स्थायिक होऊन कार्लो झालेल्या अबार्थने १९४९ साली आपला उद्योग स्थापन केला, फियाटच्या छोट्या, गरीब बांध्याच्या गाड्या घेऊन त्यांचे एक्झॉस्ट आणि इंजिने बदलून त्यांना शर्यतींत उभे केले, आपली जन्मरास वृश्चिक म्हणून विंचवाचे चिन्ह त्यांच्यावर लावले, आणि त्या चिन्हाला एवढी पत मिळवून दिली, की १९७१ साली खुद्द फियाटनेच तो उद्योग विकत घेतला. म्हणजे रांजणगावची अबार्थ पुंटो ही तत्त्वतः फेरफार केलेली पुंटोच होय. याच घराण्यातील १.४ लिटरचे टी-जेट इंजिन २०१० च्या लिनिया टी-जेटमध्ये सुमारे ११४ अश्वशक्ती देत होते. कारखान्याने त्यातून १४५ काढली, स्प्रिंगा कडक करून गाडी खाली बसविली, मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क लावले. कळंबोलीच्या किंवा कुर्ल्याच्या एखाद्या हुशार गॅरेजवाल्यानेही हेच केले असते. फरक एवढाच, की कारखान्याचा फेरफार वाहनाची नोंदणी होण्यापूर्वीचा होता, मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून गेला होता आणि दाखल्यावर उतरला होता. गॅरेजवाल्याचा फेरफार नोंदणीनंतरचा, आणि दप्तरात त्याचा मागमूस नाही. बाजारभावातला बहुतेक सारा फरक या एका भेदातून उगम पावतो, असे माझे मत आहे. बळातला फरक त्यामानाने गौण ठरतो.

तथापि बळाचा विचार आधी केला पाहिजे, कारण लोक पैसे त्यासाठीच मोजतात. पेट्रोलच्या इंजिनात जळण्याच्या क्रियेला पेट्रोलच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. तेव्हा अधिक बळ हवे असेल तर अधिक हवा सिलिंडरात कोंबावी लागते, आणि पेट्रोल त्या मागोमाग आपोआप येते. साध्या इंजिनात हवा वातावरणाच्या दाबाने जेवढी शिरेल तेवढीच शिरते. टर्बो इंजिनात बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून आत ढकलते, आणि दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन, म्हणजेच दाट होऊन, सिलिंडरात जाते. हा दाब किती ठेवायचा, ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, पेट्रोल किती सोडायचे, हे इंजिनाच्या संगणकातील कोष्टकांवर अवलंबून असते. शौकिनांच्या भाषेत ज्याला रिमॅप म्हणतात, तो म्हणजे या कोष्टकांतील आकडे बदलणे. एकही स्क्रू न हलविता केलेला तो फेरफार होय. पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीचे बळ अशा पहिल्या पायरीच्या, म्हणजे ‘स्टेज वन’ रिमॅपने साधारण एक चतुर्थांशाने वाढते. उलट होंडा सिटी व्हीटेकसारखी २००० च्या सुमाराची, १०६ अश्वशक्तीची, किंवा फियाट पॅलिओ १.६ सारखी शंभर अश्वशक्तीची बिनटर्बोची गाडी असेल, तर तेवढ्याच खर्चात चार-दोन टक्क्यांपलीकडे पदरात काही पडत नाही, कारण तिथे वाढविण्यासारखा दाबच नसतो; तिचे सारे तेज कॅमशाफ्टच्या घडणीत आणि उंच फेऱ्यांवर मोकळे होणाऱ्या श्वासात साठविलेले असते, आणि ते कारखान्याने आधीच काढून घेतलेले असते.

मग प्रश्न असा येतो, की चाकणच्या अभियंत्यांना हे एक चतुर्थांश बळ दिसले नव्हते काय? दिसले होते, त्यांनी ते जाणूनबुजून मागे ठेवले होते. एप्रिलमधल्या विदर्भातली ४५ अंशांची दुपार, आडगावच्या पंपावरचे शंकास्पद पेट्रोल, वेळेवर न बदललेले तेल, धुळीने भरलेला एअर फिल्टर, आणि हे सर्व सोसूनही वॉरंटीच्या मुदतीत इंजिन निकामी होता कामा नये ही व्यापारी गरज, अशा अनेक आपत्तींसाठी राखलेली ती गंगाजळी असते. रिमॅप करणारा नवे बळ निर्माण करीत नाही. तो ही गंगाजळी उघडून रोजच्या खर्चासाठी हातात देतो. शहाण्या माणसाच्या हाती ती पुष्कळ वर्षे टिकते, कारण उत्तम पेट्रोल, वेळेवर तेलबदल आणि थंड होऊ दिलेला टर्बो या तीन गोष्टींनी तिची भरपाई होत राहते. पण ती उघडली गेली आहे, ही गोष्ट मात्र पुढच्या खरेदीदाराला विसरता येत नाही.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पोलो जीटीच्या सात गिअरांच्या पेटीतले दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडलेले असतात, आणि ही पेटी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी घडविलेली आहे. मूळ गाडीचा टॉर्क १७५ असल्यामुळे ७५ ची मुभा उरते. पहिल्या पायरीचा रिमॅप या मुभेतला बराच भाग खाऊन टाकतो, आणि त्यापुढची पायरी, म्हणजे मोकळा डाउनपाइप, मोठा इंटरकूलर वगैरे, पेटीला तिच्या मर्यादेच्या उंबरठ्यावर आणून उभी करते. पळस्पे फाट्याच्या कोंडीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंच-इंच सरकताना, कोरडा क्लच सर्वांत अधिक झिजतो, ही त्यातली गोम आहे. घाटातल्या चार मिनिटांच्या आनंदासाठी वाढविलेला टॉर्क रोजच्या रांगेत क्लचच्या मुळाशी बसतो. आणि हा क्लच बदलण्याचा खर्च एवढा असतो, की जाणता खरेदीदार गाडीभोवती फेरी मारण्याआधी मनातल्या मनात तो किमतीतून वजा करतो.

बळाच्या आकड्यांविषयीही बरीच गफलत आढळते. डायनो म्हणजे रुळांवर चाके फिरवून बळ मोजण्याचे यंत्र. ते चाकांपाशी पोचलेले बळ सांगते, आणि कारखान्याचा आकडा इंजिनापाशी मोजलेला असतो. वाटेत गिअरबॉक्स, दांडे आणि टायर मिळून सामान्यतः १२ ते २० टक्के बळ खाऊन टाकतात. विकणारा बहुधा डायनोच्या आकड्यात ही तूट अंदाजाने भरून काढून ‘इंजिनचे’ म्हणून मोठा आकडा सांगतो, आणि तूट किती धरायची हे त्याच्याच मर्जीवर असल्यामुळे, दोन गॅरेजांच्या कागदांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही. त्यातून तापमानाचा प्रश्न वेगळाच. २० अंशांच्या पहाटेपेक्षा ४० अंशांच्या दुपारी हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. आणि समुद्रसपाटीवरच्या पनवेलहून सहाशे मीटरांवरच्या लोणावळ्याला चढून गेले, की आणखी तेवढीच विरळ होते. बिनटर्बोची जुनी होंडा किंवा पॅलिओ घाटमाथ्यावर थकल्यासारखी वाटते ती यामुळे. टर्बोची गाडी चक्राचा वेग वाढवून ही तूट बरीचशी भरून काढते, आणि म्हणूनच मुंबई-पुणे या वाटेवरच्या शौकिनांना तिची ओढ अधिक वाटते.

वेगाचे गणित तर याहूनही निष्ठुर आहे. हवेचा अडथळा मोडून काढण्यास लागणारे बळ वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा इंजिनाचे बळ २५ टक्क्यांनी वाढविले तरी गाडीचा कमाल वेग जेमतेम सात-आठ टक्क्यांनी वाढतो. खरा लाभ असतो तो प्रवेगात, म्हणजे ६० वरून १०० वर पोचण्याच्या कालावधीत. ट्रक ओलांडून जाताना तो जाणवतो, आणि त्याचे सुख खोटे आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु द्रुतगती मार्गाची मोटारींसाठीची मर्यादा ताशी १०० किलोमीटरची, घाटात त्याहून कितीतरी कमी, आणि आता कॅमेऱ्यांच्या कमानी जागोजाग उभ्या असलेल्या; तेव्हा वाढीव बळाचा उपयोग कायद्याच्या कक्षेत करावयाचा तर तो लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या पाव मैलाच्या शर्यतींसारख्या ठिकाणीच करता येतो. ज्या गोष्टीकडे फेरफार करणारे सर्वांत कमी लक्ष देतात आणि जिच्यावर खर्च करणे सर्वांत रास्त ठरेल, ती म्हणजे ब्रेक. ताशी १०० ऐवजी १२० वेगाने जाणाऱ्या गाडीत ४४ टक्के अधिक गतिज ऊर्जा असते, आणि थांबताना ती सारी डिस्कांमध्ये उष्णता होऊन जिरावी लागते. घाट उतरताना तापून विझलेल्या ब्रेकचा अनुभव ज्याने घेतला असेल, त्याला अबार्थच्या कारखान्याने बळाबरोबर मागचे ब्रेकही का बदलले, हे समजावून सांगावे लागत नाही.

आता मोलाकडे वळू. १९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला, ज्यातील विचाराची थोरवी २००१ च्या नोबेल पारितोषिकाने मान्य झाली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत खोट असेल असे धरूनच भाव करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला विकणे परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. आणि बाजारात उरतात त्या गाड्यांचा सरासरी दर्जा आणखी खालावतो. फेरफार केलेल्या गाडीच्या बाबतीत ही अविश्वासाची साखळी अधिकच घट्ट होते, कारण ही गाडी आपल्या तोंडाने सांगत असते, की माझा वापर सौम्य हातांनी झालेला नाही. मूळ स्थितीतली गाडीही कोणी निर्दयपणे हाकलेली असू शकते, पण तिच्याविषयी निदान संशयाचा फायदा देता येतो. रुंद एक्झॉस्टच्या गाडीला तो मिळत नाही. दलालाच्या दृष्टीने तर ती आणखी अडचणीची, कारण तिचे गिऱ्हाईक मर्यादित. घरात पहिली गाडी घेणारा शिक्षक किंवा बँकेतला कारकून तिच्याकडे फिरकणार नाही, आणि दलालाचे भांडवल तितके दिवस अडकून पडेल. म्हणून दोन बाजार निर्माण होतात. एक मोकळा बाजार, जिथे फेरफारांचे मोल शून्य किंवा शून्याखाली धरले जाते. दुसरा शौकिनांचा, जिथे तेच फेरफार पाहून माणसे नाशिकहून, कोल्हापूरहून येतात, पण तिथेही खर्चाची पूर्ण भरपाई दुर्मीळच.

करंजाड्यात अशा एका व्यवहाराच्या वेळी मी शेजारी उभा होतो. गाडी पोलो जीटी, खरेदीदार खोपोलीचा, आणि त्याने सोबत पनवेलचा एक वयस्क फिटर आणलेला. फिटरने रंग किंवा सीट यांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याच्या स्क्रूंवर बोट फिरविले, त्यांच्या डोक्यांवरचा घासलेला भाग पाहिला, गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाच्या कमानीत विजेरी मारली, आणि मालकाला एवढेच विचारले, “दादा, कंपनीच्या स्प्रिंगा ठेवल्यात का?” मालक म्हणाला, “हो काका, माळ्यावर आहेत. फिल्टरचा डबा, सायलेन्सर, सगळंच बांधून ठेवलंय.” फिटर उठला, हात पुसले आणि खरेदीदाराला म्हणाला, “मग बघायला हरकत नाही.” पुढे भाव ठरताना रुंद एक्झॉस्टबद्दल, चकाकत्या चाकांबद्दल एक रुपयाही वाढवून मिळाला नाही, मात्र माळ्यावरून खाली आलेल्या मूळ सामानाच्या गाठोड्याने घासाघीस थांबविली. रिमॅप काढून संगणकातील मूळ कोष्टके परत भरून द्यावीत, ही अट मालकाने बिनतक्रार मान्य केली, आणि रुंद एक्झॉस्ट वेगळा काढून तो दुसऱ्या शौकिनाला विकण्याची तजवीजही त्याने करून ठेवली होती. या व्यवहारात मला सारे अर्थशास्त्र दिसले. विकताना मोल येते ते जोडलेल्या भागांना नव्हे, काढून जपलेल्या भागांना. आणि जोडलेल्या भागांचे मोल वसूल करावयाचे असेल तर ते गाडीवरून उतरवून स्वतंत्र विकल्यासच बरे येते. ज्या फेरफारांना परतीची वाट नाही, जसे कापलेले मडगार्ड, वेल्डिंग करून बदललेला सांगाडा, फोडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ते मोलाच्या दृष्टीने निव्वळ तोटा होत.

विम्याच्या कोष्टकातही याच दृष्टीचे प्रतिबिंब पडते. गाडीची विमा-किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी, वर्ष होईतो १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी घटविली जाते. पाच वर्षांनंतर ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. या हिशेबात न कळविलेल्या फेरफाराला जागाच नाही. अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस तो पडला, तर दाव्याला हरकत येते, आणि वाढविलेले बळ अपघाताचे कारण ठरू शकते एवढे म्हणणेही त्यास पुरते. पावसाळ्यात तर ही गोष्ट आणखी अंगाशी येते. थंड हवा मिळावी म्हणून हवेचे तोंड बंपरच्या मागे खाली आणून बसविण्याची एक पद्धत आहे. जुलैमध्ये गाढी नदी फुगून पनवेलच्या सखल रस्त्यांवर पाणी चढले, की असे तोंड हवेऐवजी पाणी ओढते, पाणी दाबले जात नाही, पिस्टन अडतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन जागच्या जागी खलास होते. कारखान्याने हवेचे तोंड उंचावर, हेडलाइटच्या पातळीला ठेवलेले असते, ते अज्ञानापोटी नव्हे.

कायद्याचा मामला अधिक स्पष्ट आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो, ही खेदाची गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी दाखल्यातील तपशील कारखान्याने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो आपोआप कायदेशीर होत नाही, आणि कर्णकर्कश सायलेन्सर तर डोळ्यांआधी कानांनाच सापडतो. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिलेली आहेत. खरेदीच्या वेळी या साऱ्याचा हिशेब आरटीओच्या दारात होतो. गाडी नावावर करताना नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतून आणली असेल तर नमुना २८ चा ना हरकत दाखला, बँकेचा बोजा असेल तर तो उतरविल्याचे पत्र, आणि दाखल्यावरचा रंग, इंजिन क्रमांक व चासी क्रमांक प्रत्यक्षाशी जुळणे, यांत कुठेही विसंगती आढळली तर हस्तांतरण अडून बसते. निळ्या गाडीला हौसेने काळी करून दाखल्यावर ती निळीच ठेवणारे मालक मला नेहमी भेटतात. रंगबदल रीतसर नोंदविता येतो, त्यासाठी एवढे भय बाळगण्याचे कारण नाही.

दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरल्यानंतर तिकडच्या जुन्या गाड्यांचा ओघ अन्य राज्यांकडे वळला, आणि त्यांतल्या काही ऑक्टाव्हिया व होंडा एमएच-४६ पासिंग घेऊन पनवेलच्या रस्त्यांवर फिरू लागल्या. त्या स्वस्त दिसतात. पण महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो, आणि आधीच्या मालकांनी केलेल्या फेरफारांचा इतिहास मात्र राज्याची सीमा ओलांडताना बहुधा गळून पडलेला असतो.

आता वर म्हटलेल्या अपवादांकडे येतो, कारण ते नियमाइतकेच बोधक आहेत. टोयोटाची १९९३ ते २००२ या काळातली सुप्रा ही जगातली सर्वाधिक फेरफार झालेल्या गाड्यांपैकी एक. तिच्या इंजिनातून हजार अश्वशक्ती काढल्याची उदाहरणे विपुल आहेत, आणि तरीही संग्राहक जास्त पैसे मोजतात ते हात न लागलेल्या सुप्रासाठी, कारण अशी गाडी आता क्वचितच सापडते. पण जून २०२१ मध्ये लास व्हेगासच्या लिलावात एक नारिंगी, नखशिखान्त बदललेली सुप्रा साडेपाच लाख डॉलरना गेली, ती एका गाजलेल्या चित्रपटात वापरली गेली होती म्हणून. जर्मनीतला रूफ हा उद्योग पोर्शे गाड्यांत एवढे मूलभूत बदल करतो, की तिथल्या सरकारने त्याला फेरफार करणारा न मानता स्वतंत्र निर्माता मानले, आणि १९८७ ची त्याची पिवळी सीटीआर आज मूळ पोर्शेच्या कितीतरी पट किमतीची आहे. कॅलिफोर्नियात २००९ साली सुरू झालेला सिंगर हा उद्योग १९९० च्या सुमाराच्या पोर्शे ९११ उलगडून पुन्हा घडवितो, आणि त्या फेरजुळणीला मूळपेक्षा अधिक भाव येतो. यांत समान काय आहे? प्रत्येक ठिकाणी फेरफाराला नाव, कागद आणि साक्ष आहे. कोणी केले, केव्हा केले, काय केले, हे दप्तरात शाबूत आहे. अॅकरलॉफने सांगितलेला अविश्वास तिथे कागदाने दूर केला आहे. आपल्याकडच्या गॅरेजांतून उत्तम हात आहेत, पण केलेल्या कामाची तारीखवार पावती आणि डायनोचा कागद देण्याचा शिरस्ता अजून थोड्याच ठिकाणी पडला आहे; आणि ज्या मालकांनी अशी फाईल राखली आहे, त्यांची गाडी शौकिनांच्या बाजारात वेगाने आणि बऱ्या भावाने जाते, हे मी पाहिलेले आहे.

राहता राहिला काळाचा प्रश्न. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते; त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून ५ हजारांवर गेले, तर २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते १० हजार झाले. २००४ ची ऑक्टाव्हिया या वर्गात आलेली आहे. २०१३ च्या पोलोची पंधरा वर्षे २०२८ मध्ये भरतात. तपासणीच्या रांगेत मूळ स्थितीतली गाडी सुखाने निघून जाते, आणि खाली बसविलेली, आवाज वाढविलेली गाडी परत पाठविली जाते. इथेही माळ्यावरचे गाठोडे कामास येते. त्यातच आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याचे ऑक्टेन चांगले असल्यामुळे टर्बो इंजिन ठोकण्याची भीती कमी होते, हा फेरफारवाल्यांच्या दृष्टीने लाभ. पण प्रत्येक लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटलेली, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सील इथेनॉलला सरावलेले नसल्यामुळे ते तडकण्याचा धोका वाढलेला. ज्या जुन्या गाडीचे इंधनाचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसविले आहेत, तिच्या मालकाने केलेला तो बदल एक्झॉस्टपेक्षा कितीतरी स्वस्त आणि कितीतरी मोलाचा असतो, आणि खरेदीदाराने तो आवर्जून विचारावा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, ज्यांत ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नोंदणीस २० हजार रुपये शुल्क पडते आणि ती दहा वर्षे चालते. त्या नियमांतली मुख्य अट अशी आहे, की वाहनाच्या चासीत, सांगाड्यात आणि इंजिनात महत्त्वाचा फेरफार झालेला नसावा. शेंद्र्याची पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस या दाराशी २०५४ साली पोचेल, चाकणची पहिली पोलो जीटी २०६३ साली, आणि रांजणगावची अबार्थ त्यानंतर दोन वर्षांनी. करंजाड्याच्या वाहनतळात आज उभ्या असलेल्या या गाड्यांपैकी ज्यांचे मूळ भाग गाठोड्यांत बांधून नीट ठेवलेले आहेत, त्यांना ती अट पुरी करता येईल. ज्यांचे भाग कुर्ल्याच्या भंगारात गेले, त्यांच्या मालकांनी ते आताच, मिळत आहेत तोवर, शोधून आणावेत.